काचपेटीतले दोन मल्ल

उंद्रीहून लग्न होऊन मी खामगावला आले तेव्हा सासरच्या पुढच्या खोलीत माणसांना बसायला जागा नव्हती. तिथं एक मोडकी पेटी ठेवलेली होती. छातीइतकी उंच, खाली सागवानी लाकूड आणि वर चारी बाजूंनी काच. म्हणजे काच असायची जागा, कारण एकच तावदान शाबूत होतं. नवरी पाहायला आलेल्या बायकांनी माझं तोंड पाहायच्या आधी ती पेटी पाहिली. "हे कपाट नवरीसोबत आलं काय वो?" एकीनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "नाई वो बाई. नवरी तं रिकाम्या हातानं आली. हे यायनं उकिरड्यावरून आणलं."

त्या घरात माझ्याविषयी बोललेलं ते पहिलं वाक्य.

पेटी गोऱ्या साहेबांच्या क्लबातली होती. महाराष्ट्र नुकताच झाला होता. कापूस खरेदीसाठी गावात राहणारे साहेब त्याच्या कितीतरी आधी निघून गेले होते. क्लबाची इमारत एका व्यापाऱ्यानं सरकी भरायला घेतली आणि आतलं सामान मागच्या बाजूला नेऊन टाकलं. माझे सासरे, म्हणजे मामंजी, जिनिंग-प्रेसमध्ये फिटर होते. त्यांनी ती पेटी पाहिली, आत हात घालून काय काय फिरतं ते चाचपलं आणि बैलगाडीत घालून घरी आणली.

ती खेळायची पेटी होती. आत दोन लाकडी बाहुले समोरासमोर उभे, ठोसे मारायच्या पवित्र्यात. पेटीच्या दोन टोकांना एकेक लोखंडी मूठ. मुठीतला खटका दाबला की आपल्या बाहुल्याचा हात झटक्यात पुढे जायचा. ठोसा समोरच्याच्या हनुवटीवर बरोबर बसला की त्याच्या मानेतली कळ सुटायची आणि तो उताणा पडायचा. मग नाणं टाकल्याशिवाय तो उठायचा नाही. अर्थात हे सगळं मला नंतर कळलं. मी आले तेव्हा एका बाहुल्याला मान नव्हती, दुसऱ्याला हात नव्हते, आणि खालच्या कप्प्यात उंदरांनी संसार मांडला होता.

मामंजींच्या हातात जादू आहे असं सगळं गाव म्हणायचं, आणि ते खरंच होतं. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कुठली पिन सैल झाली ते सांगायचे. त्यांच्या जिभेचंही लोकांना कौतुक होतं. समोरच्या माणसाचं व्यंग हेरायचं, चारचौघांत त्यावरून त्याचं नाव पाडायचं, आणि ते नाव मग त्या माणसाला मरेपर्यंत चिकटायचं. लोक पोट धरून हसायचे. ज्याचं नाव पडलं तोही हसायचा, कारण न हसणाऱ्याचं दुसरं नाव पडायचं.

माझ्या नवऱ्याचं नाव त्यांनी कबऱ्या पाडलं होतं. एकुलता एक मुलगा. नवऱ्याच्या खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत आणि डाव्या डोळ्याभोवती कोड होतं. शाळेत असताना उमटलं आणि पसरलं. माझ्या वडिलांनी मला तसं सांगितलं होतं: मुलगा निर्व्यसनी आहे, बापाच्या हाताखाली प्रेसमध्ये कामाला आहे, तोंडावर कोड आहे. माझंही वय उलटून चाललं होतं, तेव्हा पुढे काही विचारायचं नव्हतंच. लग्नाच्या पंगतीत मामंजी व्याह्यांना मोठ्यानं म्हणाले होते, "आमच्या घरी पोळ्याले बैल रंगवाची कटकट नाई पाह्यजा. रंगवेल कबरा घरचाच हाय." माझे वडीलसुद्धा हसले. मी त्यांना हसताना पाहिलं.

लग्नानंतरचे काही महिने मात्र बरे गेले, आणि ते त्या पेटीमुळे गेले. प्रेसमधून आले की बापलेक पुढच्या खोलीत बसायचे. अंगावरच्या कपड्यांना घासलेटाचा वास. गंजलेला एकेक तुकडा घासलेटात भिजत घालायचा, घासायचा, पुसून फडक्यावर मांडायचा. वाळवीनं खाल्लेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या. स्प्रिंगा मामंजींनी तारेपासून स्वतः वळल्या. मी आतून फक्त आवाज ऐकायची. "दे." "धर." "जरासं आणखी." एवढंच. पण त्या वेळात "कबऱ्या" हा शब्द एकदाही यायचा नाही. मला वाटायचं, ही पेटी कधी नीटच होऊ नये.

मानेतली कळ मामंजींना जमेना. दोनदा केली, दोन्हीदा बाहुला ठोसा न बसताच पडायचा. शेवटी माझ्या नवऱ्यानं पितळेचा एक तुकडा घेतला आणि कानस घेऊन कितीतरी दिवस तो घासत बसले. बसवला, आणि मान हलकी टिचकी मारली तरी हलेना, हनुवटीवर दाबताच सटकन मागे गेली. मामंजींनी पुन्हापुन्हा दाबून पाहिली. मग म्हणाले, "हाव. जमलं."

माझे यजमान आत पाणी प्यायला आले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. "बाबा म्हणे जमलं," ते मला म्हणाले. लग्न झाल्यापासून आपणहून मला सांगितलेली ती पहिली गोष्ट.

मलाही काम मिळालं. बाहुल्यांच्या चड्ड्या शिवायच्या आणि मुठींसाठी चामड्याच्या छोट्या पिशव्या, आत कापूस ठासून. मी मन लावून शिवल्या. तोंडं रंगवायचं काम तेवढं मामंजींनी आपल्याकडे ठेवलं. "रंग मी देतो. कोणी पाहाचं नाई," असं म्हणून त्यांनी पेटीवर माझ्या सासूचं जुनं लुगडं टाकलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, प्रेसमधली माणसं आणि गल्लीतले शेजारी बोलावले होते. खोलीत मावेनात म्हणून दारात, ओट्यावर उभे. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, पदर पुढे ओढून. माझ्या नवऱ्याच्या हातात तेलाची झारी होती. शेवटचा थेंब त्यांनी नुकताच सोडला होता. मामंजींनी लुगडं ओढलं.

एक बाहुला काळासावळा, भरघोस मिशा, छाती पुढे काढलेली. ते मामंजी होते. दुसऱ्याच्या खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत पांढरा रंग होता, आणि डाव्या डोळ्याभोवती पांढरं कडं.

मग प्रेसमधला एकजण ओरडला, "अबे, हा तं आपला कबऱ्या!" आणि खोली हसण्यानं फुटायला आली. ओट्यावरचे लोक आत घुसायला लागले.

माझे यजमान झारी हातात धरून उभे होते. मग तेही हसले. "हुबेहूब हाय, बाबा," ते म्हणाले.

"मान तू केली, तोंड म्या देलं," मामंजी म्हणाले. "दोघायचं काम हाय."

पेटीला जुना आणाच चालायचा. नवे पैसे आले होते, आणे बाजारातून नाहीसे होत होते. मामंजींनी मूठभर आणे एका तंबाखूच्या डबीत जपून ठेवले होते. ती डबी त्यांच्याच खिशात असायची, त्यामुळे त्यांच्याशिवाय कोणाला खेळता यायचं नाही. त्या दिवशी डबी रिकामी झाली की ते पेटी उघडून आणे काढायचे आणि पुन्हा वाटायचे. सगळ्यांना मामंजींचीच मूठ पाहिजे होती. दुसरी मूठ कोणीतरी नाइलाजानं धरायचं आणि हरायचं. हनुवटीवर मारायचं असतं हे समजावून सांगायची गरजच पडली नाही. "पांढऱ्यावर मार! पांढऱ्यावर!" पोरं ओरडत होती. बाहुला पडला की मान सटकन मागे जायची. इतक्या सफाईनं, की त्यासाठी कोणी किती दिवस कानस चालवली असेल ते मलाच माहीत होतं.

पुढे ते रोजचंच झालं. बाजारात माझे यजमान दिसले की ओळखीची माणसं लांबूनच मूठ उगारायची. कोणी हनुवटीला बोट लावायचं. ते हसून बाजूला व्हायचे. मी एकदा सासूबाईंना म्हटलं, "मामी, तो रंग पुसून टाका म्हना ना." त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तोंडावरचा पुसता आला का? मंग लाकडावरचा कायले पुसा?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या, तेव्हा त्यांनाही पेटी पाहायची होती. मामंजींनी दारातूनच आणे आत दिले आणि तिथंच उभे राहिले. एकदोघी खेळल्या. मग सासूबाईंनी मामंजींची मूठ एका बाईच्या हातून घेतली आणि मला हाक मारली.

"ये वो सुनबाई. ही धर. नवऱ्याले पाड एकदाचा."

बायका खुदखुदल्या. मी पुढे झाले, पण त्यांनी पुढे केलेली मूठ घेतली नाही. पेटीला वळसा घालून पलीकडे गेले आणि दुसरी मूठ धरली. "तुमीच धरा ती, मामी," मी म्हटलं. "मी इकडून खेळते."

त्यांना खटका कधी दाबायचा ते कळत नव्हतं. मी इतके महिने आतल्या दाराशी उभी राहून पाहत आले होते. मिशाळ बाहुल्याचा हात वर गेला की हनुवटी उघडी पडते, हे मला माहीत होतं. तो हात वर गेला आणि मी खटका दाबला. मामंजी उताणे पडले. काचेला त्यांचं डोकं आपटल्याचा आवाज झाला.

सगळ्यांत आधी हसले ते दारातले मामंजीच. "पाह्यलं का?" ते म्हणाले. "आमच्या कबऱ्यासाठी बायको लढते!"

दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये तेच. "बायकोले पाठव बे, बोजे उचलाले." "बायकोले इचारलं का?" संध्याकाळी माझे यजमान घरी आले ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू काऊन हात लावला?"

"तुमाले पाडून राह्यले होते म्हणून."

"मी पडत होतो तं पडू देत होतो," ते म्हणाले. "हसून घेत होते लोकं, जात होते. आता मले त्यायच्यासंगं हसाची सोयही राह्यली नाई."

त्यानंतर बरेच दिवस त्यांनी माझ्याकडे पाणीसुद्धा मागितलं नाही. उठून माठातून स्वतः घ्यायचे. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या दिवसापासून ते घरात हसायचे बंद झाले, एवढं खरं.

उन्हाळ्यात मामंजी प्रेसमध्येच कोसळले. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. ज्या जिभेला सगळं गाव हसायचं तिच्यातून आता फक्त घशातला आवाज निघायचा. डॉक्टर म्हणाले, मालिश करा आणि हाताला रोज काही ना काही काम द्या, बोटं आखडू देऊ नका.

माझ्या नवऱ्यानं बापाची जी सेवा केली तिची गावात नंतर कितीतरी वर्षं चर्चा होती. आंघोळ, मालिश, घास भरवणं, घाण काढणं, काही मला करू दिलं नाही. आणि संध्याकाळ झाली की मामंजींना उचलून पेटीसमोरच्या खुर्चीत बसवायचं. मेलेला उजवा हात मुठीवर ठेवायचा, माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधायचा, बोट खटक्यावर. तंबाखूची डबी आता माझ्या नवऱ्याच्या खिशात असायची. आणा टाकायचा, पलीकडे जाऊन आपली मूठ धरायची आणि मिशाळ बाहुल्याच्या हनुवटीवर एक ठोसा.

बाहुला पडायचा.

"उठा, बाबा," ते म्हणायचे. आवाज अगदी मऊ. पुन्हा आणा टाकायचा, बाहुला उठायचा, पुन्हा ठोसा. "उठा, बाबा. डॉक्टरनं सांगतलं नाई का, हाताले काम द्या."

शेजारी दारात उभे राहून पाहायचे. "पोरगं असावं तं असं," म्हणायचे. मामंजींच्या डोळ्यांतून पाणी यायचं. लोक म्हणायचे, आजारपणात डोळे गळतात.

एकदा सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसल्या. "त्याले म्हन ना वो," त्या हळूच म्हणाल्या. "आता बस कर म्हना."

"तुमचा लेक हाय, मामी. तुमी म्हना."

मुलाला त्या कधी म्हणाल्या नाहीत. आता घर मुलाच्या पगारावर चालत होतं.

पण डॉक्टरांचं खरं ठरलं. पावसाळा सरत आला तेव्हा मामंजींचं बोट हललं. आधी नुसतं थरथरलं. मग एका संध्याकाळी खटका दबला आणि मिशाळ बाहुल्याचा हात वर गेला. पुढच्या काही दिवसांत तो हात पुढे जायला लागला. आणि एकदा माझे यजमान आणा टाकून आपल्या जागेवर येतात न येतात तोच मामंजींनी खटका दाबला, आणि पांढऱ्या हनुवटीवर ठोसा बसला. कबरा बाहुला उताणा पडला.

मामंजींच्या घशातून एक आवाज आला. अर्ध्या तोंडानं ते हसत होते. दारातल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नवऱ्यानंही वाजवल्या. "हाव," ते म्हणाले. "जमलं."

दुसऱ्या संध्याकाळी मिशाळ बाहुल्याचा हात उठला नाही. मामंजींनी खटका दाबला. मला त्यांचं बोट हलताना दिसत होतं. बाहुला ढिम्म. त्यांनी पुन्हा दाबला. कपाळावर घाम आला.

"जोर लावा, बाबा. काल तं झालं होतं."

दुसऱ्या दिवशी तेच, आणि तिसऱ्याही. शेजारी म्हणायला लागले, त्या दिवशी चुकून लागलं असेल, म्हाताऱ्याच्या हातात काही राहिलेलं नाही.

एका दुपारी माझे यजमान प्रेसमध्ये होते, सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी खोली झाडत होते. मामंजी भिंतीलगतच्या खाटेवर पडलेले. मी पेटीचा खालचा दरवाजा उघडला. मामंजींच्या मुठीकडून येणारी सळई लोंबत होती. तिला बाहुल्याशी जोडणारी पिन काढून एका तेलकट फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली होती. पिनला तेल लावलेलं होतं, गंजू नये म्हणून.

पिन हातात घेऊन मी वळले. मामंजी माझ्याकडेच पाहत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, यांना माहीत आहे. ज्या माणसानं जन्मभर आवाजावरून सैल पिन ओळखली, त्याला आपल्या बोटाखाली सळई सुटलेली आहे हे पहिल्याच संध्याकाळी कळलं असणार. तरी ते रोज खटका दाबत राहिले होते, लोकांसमोर, मुलासमोर. सांगायला जीभ नव्हती म्हणून, की सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं म्हणून, ते मला कळायला मार्ग नव्हता.

मी पिन बसवली. त्यांना कसंबसं उठवून खुर्चीत आणलं, त्यांचा हात मुठीवर ठेवला. "मामंजी, दाबा," मी म्हटलं. "आता उठते तो."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग चांगल्या डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात मुठीवरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं पट्टी बांधली, आणा टाकला. मामंजींचं बोट हललं नाही. माझ्या नवऱ्यानं खाली वाकून दरवाजा उघडला, आत पाहिलं, दरवाजा लावला. मग स्वयंपाकघराकडे आले.

"पिन तू घातली?"

"हाव."

"बरं केलं," ते म्हणाले. "सैल झाली होती."

मामंजींनी पुन्हा कधी खटका दाबला नाही. बोटं आखडत गेली, नखं तळव्यात रुतायला लागली. ती नखंही माझ्या नवऱ्यानंच कापली, एकेक बोट हळू उघडून. संध्याकाळची पेटी मात्र चुकली नाही. थंडी पडायला लागली तेव्हा मामंजी गेले. स्मशानात माझ्या नवऱ्याला दोघांनी धरून ठेवावं लागलं, इतके ते रडले, असं येऊन लोकांनी सांगितलं. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

तेरावं झाल्यावर दुसरबीडकडचा एक जत्रेत खेळ लावणारा माणूस पेटी विकत न्यायला आला. गाडी दारात लागली तेव्हा माझे यजमान काच काढून आत हात घालून बसले होते. हातात काचकागद. कबऱ्या बाहुल्याचं तोंड त्यांनी घासून घासून कोरं लाकूड केलं. नाकडोळेही राहिले नाहीत.

"आन् हे?" मिशाळ बाहुल्याकडे बोट करून त्या माणसानं विचारलं. "हेबी पुसता का?"

"ते राहू द्या. रंग चांगला हाय त्याचा," माझे यजमान म्हणाले, आणि कुठल्या सांध्याला कुठलं तेल घालायचं ते त्याला नीट समजावून सांगितलं.

पुढे आम्हाला दोन मुली झाल्या. त्यांनी कधी मुलींवर हात उगारला नाही, माझ्यावर नाही, कोणाचं नाव पाडलं नाही. सासूबाईंचंही शेवटपर्यंत नीट केलं. गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, नशीब काढलं. मी हो म्हणायची. फक्त मला ताप आला, बाळंतपण आलं, किंवा पुढे पाय मोडून मी अंथरुणात पडले, तेव्हा मी त्यांना जवळ बसू दिलं नाही. दर वेळी उंद्रीला निरोप धाडून बहिणीला बोलावून घेतलं. त्यांनी कधी कारण विचारलं नाही.